पत्र्याखालचं वीजबिल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की माझ्या दुकानात बंद पडलेल्या पंख्यांबरोबर वीजबिलंही येतात. भुसावळात पंखे, कूलर, मिक्सर दुरुस्त करायचा माझा धंदा. बिल वाचून देणं हे त्यातलंच बिनपैशाचं काम. बायका काउंटरवर पंखा ठेवतात, पिशवीतून घडी घातलेलं बिल काढतात आणि विचारतात, "भाऊ, एवढं कसं काय आलं?" मीटर पळतंय अशी बहुतेकांची खात्री असते. पण घरी जाऊन सगळी बटणं बंद करून बघितलं, की मीटर बहुधा गुमान थांबलेलं असतं. दोष मीटरच्या बराच वर असतो, पत्र्यात.

वीजबिलावर आपल्याकडे बोललं भरपूर जातं. अमुक युनिट माफ करा, थकबाकीवरचं व्याज सोडा, स्मार्ट मीटर नको. प्रत्येक मागणीत काही ना काही तथ्य आहे. पण ही वीज ज्या घरात खर्च होते त्या घराबद्दल अवाक्षर निघत नाही. गरिबाचं घर उन्हाळ्यात तापायचंच, असं धरून आपण मोकळे होतो. माझं म्हणणं असं, की बिल कमी करण्यासाठी सरकार जो पैसा घालतं, त्यातला काही हिस्सा छपरावर घालावा. का, ते सांगतो.

रेल्वे लाइनच्या कडेच्या एका वस्तीत परवा कूलर बघायला गेलो होतो. नवरा केळीच्या गाड्या भरतो, बायको चार घरची धुणीभांडी करते. दहा बाय बाराची खोली, दार एक, खिडकी त्याच बाजूला. वर पत्रे. पत्र्यावर पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचे, भारे पसरलेले आणि ते वाऱ्याने उडू नयेत म्हणून फाटके टायर, दगड. आतून पत्र्याखाली जुन्या साड्या एकमेकींना शिवून चारी कोपऱ्यांत खिळ्यांना ताणून बांधलेल्या. असलं छत आमच्या भागात वस्त्यावस्त्यांतून दिसेल. कुणी शिकवलेलं नाही, पण त्यामागे शास्त्र आहे. तापलेला पत्रा खालच्या माणसावर जी धग टाकतो ती साडी अडवते, पत्रा आणि साडी यांच्या मधली हवा आणखी थोडी थोपवते, पऱ्हाट्या वरून सावली धरतात. एवढं करूनही दुपारी दोनच्या सुमाराला पंख्याची वाटी खाली घ्यायला मी स्टुलावर चढलो तर कानशिलं भाजली. फरशीवर बसलेल्या पोराला जेवढं गरम होत होतं त्याहून छताजवळ कितीतरी जास्त. पंखा लटकतो तो नेमका त्या थरात, आणि फिरतो तेव्हा वरची सगळी गरम हवा खाली माणसांच्या अंगावर आणून टाकतो. "पंखा लावला की अंगाची जास्तच लाही होते," बाई म्हणाली. ती बरोबर बोलत होती. पंखा हवा गार करत नाही, तो फक्त घाम वाळवतो. हवाच अंगापेक्षा तापलेली असली, की घामाचा जो काही फायदा तो थोडा आणि धगीचा तोटा मोठा.

त्या साडीला लागून, पऱ्हाट्यांच्या खालून, मीटरची उघडी वायर आत आलेली होती. एक ठिणगी पडली असती तर खोली गेली असती. वायर मी पाइपातून घेऊन दिली.

पत्र्याच्या घरांतले पंखे उन्हाळ्यात जास्त जळतात, कंडेन्सर फुगतात, वाइंडिंग काळं पडतं. माझं पोट त्यावरच चालतं, तरी लिहितो. जळालेला पंखा दोन-तीनदा रिवाइंड करून घेतला की तो ७५ वॅटचा राहत नाही, वीज जास्त ओढायला लागतो. त्यात अनेकांकडे अजून जुना डबा रेग्युलेटर आहे. त्यावर पंखा कमी केला तर वाचलेली वीज डब्यातच गरम होऊन जाते, बिल काही त्या मानाने उतरत नाही. म्हणजे ज्याचं घर सगळ्यात वाईट, त्याच्याच घरातलं सामान सगळ्यात जास्त वीज खाणारं.

आता बिलाचं गणित, माझ्या हातचं आहे म्हणून जरा सविस्तर. साधा पंखा ७५ वॅटचा. मे महिन्यात पत्र्याखाली तो बंद होतच नाही, दिवसा उकाडा आणि रात्री डास. चोवीस तास म्हणजे रोजचे १.८ युनिट, महिन्याचे ५४. महावितरणची दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकांची जी स्वस्त वर्गवारी आहे तिची अट अशी, की मंजूर भार अगदी कमी हवा आणि आधीच्या आर्थिक वर्षातला वापर ३६० युनिटच्या आत. म्हणजे महिन्याला ३०. एप्रिल, मे, जून असा नुसता एक पंखा रात्रंदिवस चालला तर १६२ युनिट तिथेच संपले. उरलेल्या नऊ महिन्यांना १९८, महिन्याला २२. त्यात बल्ब, मोबाइल, थोडा टीव्ही आणि पावसाळ्यातला पंखाही बसवायचा. ज्याच्या घरात कूलर आला त्याचा तर विषयच मिटला. पत्र्याच्या बॉडीचा साधा कूलर पंपासकट १८० वॅटच्या आसपास घेतो. बारा तास चालला तर महिन्याला ६५ युनिट. पंखा आणि कूलर मिळूनच शंभरी पार होते. आणि शंभराच्या वरच्या युनिटचा वीज आकार खालच्या युनिटच्या दुपटीहून जास्त आहे. शिवाय वहन आकार, स्थिर आकार, कधी इंधन समायोजन, आणि वर १६ टक्के वीज शुल्क. वर्षाअखेरीला वर्गवारी तपासली जाते, ३६० ओलांडले की ग्राहक साध्या घरगुती दरात ढकलला जातो. पुढे पाऊस पडला, थंडी आली, पंखा टांगलेलाच राहिला, तरी दर वरचाच.

महाबळेश्वरच्या माणसाला हीच ३६० ची अट आणि भुसावळच्याला हीच. तिकडे पंखा लागत नाही, आमच्याकडे पारा ४५ च्या वर गेल्याची बातमी दर मे महिन्यात आपणच छापता. वीजदर ठरवताना वीज नियामक आयोग जनतेच्या सूचना-हरकती मागवतो, सुनावण्या होतात. उद्योजक तिथे वकील पाठवतात. आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या लोकप्रतिनिधीने तिथे उभं राहून एवढंच मागावं, की जळगाव, धुळे, नंदुरबारसारख्या तापणाऱ्या जिल्ह्यांत एप्रिल ते जूनचा वापर या ३६० मधून वगळा. शेतीपंपांना साडेसात अश्वशक्तीपर्यंत २०२४ पासून मोफत वीज आहे; असू द्या, शेतकऱ्याच्या ताटातलं काढा असं मी म्हणत नाही. पण ज्याला शेतच नाही, जो त्या शेतात कापूस वेचायला जातो, त्याच्या घरचा पंखा मात्र पूर्ण दरानं फिरतो. हा हिशेब मला जुळत नाही. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आमच्या गच्चीवरून दिसतात. पाचशे-पाचशे मेगावॅटचे दोन संच तिथे आहेत. वीज इथली, धग इथली.

तरीही, सूट मिळाली म्हणून घर गार होणार नाही. बिल निम्मं झालं तरी पंखा त्या पत्र्याखालीच फिरणार.

आमच्या आजोबांचं यावल तालुक्यातलं घर धाब्याचं होतं. हातभर जाड मातीच्या भिंती, सागाच्या तुळया, त्यावर फळ्या-काटक्या, कडुनिंबाचा पाला आणि वर चोपून बसवलेली माती. मे महिन्यात दुपारी आजी पदर डोक्याखाली घेऊन जमिनीवर झोपे, पंख्याचा प्रश्नच नव्हता. ती घरं का गेली हेही मला माहीत आहे. वाळवी, उंदीर, लाकडाचा भाव, आणि दर पावसाळ्याआधी वर खारी माती टाकायला लागणारी माणसं. धाब्याच्या घराचे गोडवे गाणारे बहुतेक लोक श्रावणात रात्री गळतं शोधत घमेलं घेऊन धाब्यावर चढलेले नसतात. ती घरं परत येणार नाहीत. पण त्यांच्या जागी आपण काय आणलं? ज्याची ऐपत नाही त्याने पत्रा टाकला, ज्याला घरकुल मिळालं त्याने स्लॅब.

घरकुलाबद्दल थोडं लिहायलाच हवं. पंतप्रधान आवास योजनेत ग्रामीण भागात सपाटीवरच्या घराला १ लाख २० हजार रुपये, किमान २५ चौरस मीटर जागा. या पैशांत लोक कसंबसं घर उभं करतात, आणि पक्कं म्हणजे सिमेंटचा स्लॅब एवढंच सगळ्यांच्या डोक्यात असतं. पत्रा निदान सूर्य मावळला की तासाभरात निवतो. स्लॅब दिवसभर उन्हात शेकतो आणि ती उष्णता मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत राहतो. पूर्वी लोक संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचे. आता नळाला पाणी कधी येईल याची वाट बघणाऱ्याने पाणी कूलरमध्ये घालायचं, प्यायला ठेवायचं की स्लॅबवर ओतायचं? पुरुष बाहेर खाट टाकतात. बायका, पोरी, बाळंतिणी आत. कूलर चालू असतो, पण समोरच्या बाजूला हवा जायला वाट नाही, म्हणून तासाभरात आत नुसता दमटपणा. खानदेशातली हवा कोरडी, इथे कूलर छान चालतो, मात्र त्याच्या समोरच्या भिंतीत हवेला बाहेर पडायला जागा लागते. भिंत बांधतानाच दोन विटांचं भोक ठेवलं तर वेगळा खर्च नाही. पुढे ते फोडायला माणूस लावावा लागतो.

उष्णतेची लाट आली की आरोग्य खातं सांगतं, दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका. २०२४ च्या मे महिन्यात तर जळगाव जिल्ह्यात भर उन्हात मजुरांकडून काम करून घेऊ नये म्हणून कलम १४४ खाली आदेश निघाला होता. आदेश योग्यच होता. पण मजूर काम सोडून ज्या घरात जाऊन बसतो ते घर बाहेरच्या कडुनिंबाच्या सावलीपेक्षा जास्त तापलेलं असतं, हे त्या सूचना लिहिणाऱ्याला ठाऊक असेल का? वस्तीतले म्हातारे दुपारी घरात नसतात, कडुनिंबाखाली किंवा मारुतीच्या पारावर असतात. त्यांना कळतं.

माझी मुलगी इंजिनिअरिंगला आहे. तिने मला अमेरिकेतलं वाचून दाखवलं. तिथे अडचण उलटी, बऱ्याच भागांत थंडीची. १९७३ च्या तेलटंचाईनंतर इंधन महागलं आणि १९७६ मध्ये त्यांनी गरिबांच्या घरांसाठी 'वेदरायझेशन' नावाची योजना सुरू केली: सरकारी खर्चाने माणूस घरी येतो, घर तपासतो, फटी बुजवतो, छतात उष्णता अडवणारा थर भरतो. बिल भरायला मदत करणारी योजना तिथे १९८१ पासून वेगळी आहे, आणि त्या बिलाच्या पैशांतूनही राज्यांना १५ टक्क्यांपर्यंत रक्कम अशा घरदुरुस्तीला वळवता येते. घराची तपासणी कशी करतात तर दारात चौकट बसवून एक मोठा पंखा लावतात, तो घरातली हवा बाहेर ओढतो आणि मग कुठल्या फटीतून बाहेरची हवा आत शिरते ते सापडतं. पंखेवाला म्हणून मला ही युक्ती भारी वाटली. आपल्याला तसल्या यंत्राची गरज नाही. आपली फट पत्र्याएवढी मोठी आहे आणि ती सगळ्यांना दिसते.

एवढं लांब जायचंही कारण नाही. अहमदाबाद आपल्या शेजारचं. २०१० च्या मे महिन्यातल्या लाटेत तिथे फार माणसं गेली, त्यानंतर २०१३ मध्ये महापालिकेने उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे २०१७ पासून झोपडपट्ट्यांतल्या छपरांना पांढरा रंग द्यायला घेतला. तेलंगणाने २०२३ मध्ये गार छपरांचं धोरणच जाहीर केलं. सरकारी इमारतींना ते सक्तीचं आहे. पांढऱ्या छपराने खोली दोन ते पाच अंशांनी उतरते असा अनुभव सांगितला जातो. ज्याला दोन अंश किरकोळ वाटतात त्याने मे महिन्यात पत्र्याखाली एक दुपार काढावी.

सौर पॅनेलचं विचाराल, तर आहे, चांगलं आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार अनुदान मिळतं. राज्याने २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या आणि शंभर युनिटच्या आतल्या ग्राहकांसाठी त्यात आणखी भर घालणारी 'स्मार्ट' योजना आणली. घरकुलाच्या स्लॅबवर पॅनेल बसलं तर तेवढ्या भागाला सावलीही मिळते, हा वरचा फायदा. पण पॅनेलला छप्पर स्वतःचं लागतं, मजबूत लागतं. सडलेल्या अँगलवर टांगलेल्या पत्र्यावर कोण बसवणार? भाड्याच्या खोलीतल्याला कोण देणार? छपराला पांढरा चुना मारायला यातलं काही आडवं येत नाही.

पंख्याचंही तसंच. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, पंखा तीस वॅटच्या आसपास घेतो, चोवीस तास चालून महिन्याला २२ युनिटच्या आत. २०१५ मध्ये सरकारच्या 'उजाला' योजनेत एलईडी बल्ब स्वस्तात मिळाले तेव्हा लोकांनी रांगा लावून नेले, घरोघर पिवळे बल्ब गेले. केंद्राच्या ईईएसएल कंपनीने २०२३ मध्ये एक कोटी असे पंखे द्यायचं जाहीर केलं. आमच्या वस्त्यांत ते माझ्या पाहण्यात नाहीत, आणि या वस्त्यांतला बंद पंखा माझ्याचकडे येतो. दुकानात हा पंखा महाग पडतो. बिलाबरोबर हप्त्याने दिला तर लोक घेतील. मात्र त्याचा बोर्ड गेला तर गावात दुरुस्त करणारा हवा, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात तो माळ्यावर. आयटीआयच्या मुलांना हे शिकवा, मीही शिकायला येतो.

पालिकेने, ग्रामपंचायतींनी करण्यासारखं सोपं आहे. होळीनंतर, पारा चढायच्या आत, पत्र्याच्या आणि स्लॅबच्या गरीब घरांची छपरं पांढरी करून द्यायची. काम बचत गटांना द्या, बायकांना रोजगार मिळेल. कंत्राटदाराला दिलंत तर चुन्याचं पाणी मारून फोटो काढतील. घरकुलाच्या शेवटच्या हप्त्यासाठी पूर्ण झालेल्या घराचा जागेच्या नोंदीसह फोटो काढावाच लागतो. त्याच फोटोत गच्ची पांढरी दिसली पाहिजे आणि समोरासमोर दोन झरोके दिसले पाहिजेत, एवढी अट घाला. नवा विभाग नको, नवी समिती तर नकोच.

ज्यांना वाट बघायची नाही त्यांच्यासाठी, आमच्या गल्लीत आम्ही करतो ते लिहितो. चुन्याची कळी आदल्या दिवशी भिजवायची, पाणी आधी आणि कळी नंतर, लांब उभं राहून, कारण तो उसळतो आणि डोळ्यात गेला तर डोळा जातो. दुसऱ्या दिवशी गाळून त्यात लाकडाला लावायचा पांढरा गोंद मिसळायचा. नव्या चकचकीत पत्र्यावर चुना धरत नाही, जुन्या निस्तेज पत्र्यावर धरतो. पत्रा आधी झाडून, धुऊन घ्यायचा. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर पहिला हात, तो वाळला की दुसरा आडवा. पत्र्यावर चढायचं तर नटबोल्टची ओळ बघून, खाली अँगल असेल तिथेच पाय टाकायचा. मध्ये पाय दिला की पत्रा दबतो आणि जूनमध्ये बरोबर तिथेच गळतो. चढण्याआधी मेन स्विच बंद. घरची माणसं राबली तर एका खोलीचं काम काही शे रुपयांत होतं. पावसाने चुना धुऊन जातो, पुढच्या वर्षी परत मारावा लागतो. बाजारात ऊन परतवणारा तयार रंग मिळतो, तो काही वर्षं टिकतो पण महाग. परवाच्या त्या खोलीवरच्या पऱ्हाट्या आम्ही उतरवल्या, चुलीला दिल्या आणि पत्रा पांढरा केला. साडीचं छत तसंच ठेवलं. कूलरच्या समोरच्या भिंतीतली एक वीट काढली. बिल किती उतरेल ते पुढच्या महिन्यात कळेल.

पत्र लांबलं, पण संपादक साहेब, आपल्याकडेही एक मागणी आहे. आपण रोज तापमान छापता. ते हवामान खात्याच्या पेटीतलं असतं: झडपांची पेटी, जमिनीपासून चार फुटांवर, वारा खेळेल अशी. आणि ती पेटी पांढऱ्या रंगाने रंगवलेली असते, उन्हाने आतला थर्मामीटर तापू नये म्हणून. थर्मामीटरची काळजी घेतली जाते, चांगलं आहे. या मे महिन्यात त्या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा छापा, भुसावळातल्या एका पत्र्याच्या खोलीतला, दुपारी दोनचा. आणि शक्य झालं तर तिसरा, चुना मारलेल्या शेजारच्या खोलीतला. दोन्ही खोल्यांतल्या माणसांशी मी बोललो आहे, त्यांची ना नाही. थर्मामीटर मी लावून देतो, रोज दोनला वाचून आकडा आपल्या वार्ताहराला फोनवर सांगतो. दुकान रविवारी बंद असतं, पण रविवारचाही सांगेन.

आपला,
पंखे-कूलर दुरुस्तीवाला, भुसावळ